अम्मीची जीभ

आमच्या बार्शीच्या घरात काकडी चिरायची एक ठरलेली रीत होती. अम्मी आधी देठाकडचं टोक कापायची आणि तेच टोक कापलेल्या जागेवर गोल गोल घासायची. पांढरा फेस आला की पुसून टाकायची. मग एक पातळ चकती काढून स्वतःच्या तोंडात टाकायची आणि क्षणभर थांबायची. तिची मान हलली की काकडी आमच्या ताटात यायची. मान हलली नाही तर काकडी थेट उकिरड्यावर. शेळीपुढंसुद्धा टाकायची नाही. दोडका असो, पडवळ असो, घोसाळं असो, फोडणी टाकायच्या आधी एक कच्ची फोड अम्मीच्या जिभेवर जाऊन यायचीच.

अम्मी शाळेत गेलेली नाही. कुराणशरीफ वाचता येतं, सही करता येते, एवढंच तिचं शिक्षण. पण आम्हा पाच भावंडांना तिनं कधी कडू काकडी खाऊ दिली नाही. ही गोष्ट सांगायला मी इतकी वर्षं घेतली, कारण ज्या दिवशी तिची जीभ खरं बोलत होती त्याच दिवशी मी तिला गप्प केलं. आणि मी विज्ञानाची शिक्षिका आहे.

मी दहावीपर्यंत उर्दू शाळेत शिकले. मराठी शाळेत एक विषय म्हणून होती, पण खरी मराठी शिकवली ती गल्लीनं आणि शेजारच्या मावशींनी. पुढं बी.एस्सी., बी.एड. झालं, लग्न झालं आणि मी गोवंडीला आले. गेली अनेक वर्षं इथल्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवते. आमचं घर बैंगनवाडीच्या एका गल्लीत आहे. नावात वांगी आहेत, पण आता इथं पत्र्याला पत्रा आणि भिंतीला भिंत लागलेली. हिरवं काही दिसलं तर ते कुणाच्या तरी डब्यात, ड्रममध्ये नाहीतर फुटक्या बादलीत. उन्हाळ्यात पत्रा तापतो तेव्हा घरात बसवत नाही, आणि वारा देवनारच्या कचराडेपोकडून आला तर बाहेरही बसवत नाही.

२०२२ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी बार्शीला गेले होते, तेव्हा अम्मीनं कागदाच्या पुडीत दुधीच्या बिया दिल्या. आमच्या एका नातेवाइकांच्या शेताच्या कुंपणावरच्या वेलीच्या. जानेवारीत मी त्या पत्र्यावर, अर्ध्या कापलेल्या प्लास्टिकच्या ड्रममध्ये लावल्या. पाणी नळाला दिवसातून थोडा वेळ येतं. घरातलं भागवून उरलं तर वेलीला. तरी वेल वाढली. शेजारच्या खालांच्या पत्र्यावर गेली, त्यांनीही काही म्हटलं नाही. दुधी लागले तेव्हा मला कोण आनंद झाला! मुलांना मी फोटो दाखवले, "देखो, ये है परागण का नतीजा" म्हणून.

दुधीला आमच्यात मान आहे. बऱ्याच घरांत त्याला 'कद्दू शरीफ' म्हणतात. हजरत अनस यांची एक हदीस आहे. एका शिंप्यानं पैगंबरसाहेबांना जेवायला बोलावलं. जवाची रोटी आणि दुधी घातलेला, सुक्या मांसाचा रस्सा होता. हुजूर ताटलीच्या कडेनं दुधीच्या फोडी शोधून शोधून खात होते, आणि ते पाहिल्यापासून अनस यांनाही दुधी आवडू लागला. माझे अब्बा शिंपी होते. त्यामुळं घरात दुधी शिजला की ही हदीस व्हायचीच, आणि त्यात 'दर्जी' हा शब्द अब्बा जरा ठासून म्हणायचे. अशा भाजीत काही वाईट असेल हे आमच्या मनात यायचं कारणच नव्हतं.

२०२३ च्या रमजान ईदनंतर अम्मी माझ्याकडे राहायला आली. अब्बा जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. अम्मीला साखरेचा आजार दहा-बारा वर्षांपासून. गोळ्या चालू होत्या, पण रोज्यांत वेळा चुकल्या आणि साखर वाढली. खाला म्हणाल्या, "दूधी का जूस पिलाव, शुगर भी जाती, दिल भी साफ होता." हे त्या एकट्याच म्हणत होत्या असं नाही. टीव्हीवर, बागेत, दवाखान्याच्या रांगेत कितीतरी वर्षं लोक हेच सांगत आले आहेत. मलाही पटलं. घरची वेल, खत नाही, फवारणी नाही. पहिले दोन-तीन दिवस रस दिला, काही झालं नाही.

त्या सकाळी वेलीवरचा दुसऱ्या बाजूचा, जरा लहानसा दुधी काढला. सालासकट किसला, मिक्सरमधून फिरवला, गाळला. लिंबू पिळलं, चिमूटभर मीठ टाकलं. मी स्वतः एक थेंबही चाखला नाही. औषध अम्मीचं होतं ना.

अम्मीनं एक घोट घेतला आणि ती थांबली. तीच ती काकडीच्या वेळची थांबलेली मुद्रा. मग म्हणाली, "कडवा लगरा गे."

मी डबा भरायच्या घाईत होते. सुट्टी असली तरी शाळेत पेपरांचं काम होतं. मी न बघताच म्हटलं, "दवा कडवीच रहती अम्मी. पी जाव."

"बहुत कडवा हय."

"जितना कडवा, उतना अच्छा. शुगर के लिए."

तिनं एकदा ग्लासाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग बिस्मिल्ला म्हणून सगळा ग्लास एका दमात रिकामा केला. तळाशी राहिलेलं पाणी घालून विसळून प्यायली, वाया जाऊ नये म्हणून.

वीस मिनिटंही झाली नसतील. आधी पोटात कळ आली, मग उलटी, मग जुलाब, मग पुन्हा उलटी. तिसऱ्या-चौथ्या उलटीत रंग बदलला. गडद, कोकमासारखा. अंग गार पडलं, घाम सुटला, बोलणं अस्पष्ट झालं. यांनी दुकान उघडं टाकून रिक्षा आणली. रिक्षात अम्मीचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि मी वेड्यासारखी तिची ओढणी सारखी करत होते.

सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टर मुलगी होती. रक्तदाब फार खाली गेला होता. सलाईन लावता लावता तिनं विचारलं, सकाळी काय खाल्लं? मी म्हटलं, दुधीचा रस. तिचा हात क्षणभर थांबला. "रस कडू होता का?"

"हो."

"मग प्यायल्या कशा?"

मी उत्तर दिलं नाही. दोन पदव्या असलेली बाई त्या प्रश्नापुढं गप्प उभी राहिली.

दुपारी घरी आले तेव्हा उरलेला अर्धा दुधी ओट्यावर तसाच होता. मी त्याच्या कापलेल्या बाजूला नुसतं जिभेचं टोक लावलं आणि धावत मोरीत गेले. थुंकले, चूळ भरली, साखर तोंडात टाकली. कितीतरी वेळ तो कडवटपणा घशात चिकटून राहिला. एवढ्याशा स्पर्शानं ही गत, आणि अम्मीनं ग्लासभर प्यायलं होतं. माझ्या शब्दाखातर.

अम्मी चौथ्या दिवशी घरी आली. अल्लाहचं देणं. पण त्या तीन रात्री दवाखान्याच्या बाकावर बसून आणि नंतर कितीतरी रात्री मी वाचत राहिले. जे आधी वाचायला हवं होतं ते.

काकडी, दुधी, दोडका, भोपळा, कलिंगड, कारलं हे सगळं एकच खानदान. या कुळातल्या वनस्पती स्वतःच्या रक्षणासाठी एक कडू द्रव्य बनवतात. त्याचं नाव कुकुर्बिटासिन. ते एक नाही, अनेक आहेत. शास्त्रज्ञांनी त्यांना ए, बी, सी, डी अशी अक्षरं दिली आहेत. झाड पळू शकत नाही, ओरडू शकत नाही. पान खायला येणाऱ्याला ते चवीतून सांगतं की मला खाऊ नकोस. आणि किडेही काही कमी नाहीत. या कुळाच्या वेलींवर जगणारे काही भुंगेरे खाण्याआधी पानावर दातांनी गोल चर कापतात आणि मग आतला भाग खातात. चरामुळं वेलीचा रस त्या तुकड्यात पोचत नाही. अमेरिकेतले काही भुंगेरे तर उलट या कडवटपणाकडे ओढले जातात, तो खाऊन अंगात साठवतात आणि स्वतःच शत्रूंना कडू लागतात. एका किड्याला जे सहज कळतं ते मला कळलं नव्हतं.

रानातल्या मूळ काकड्या, मूळ भोपळे कडूच होते. माणसानं हजारो वर्षं चाखून चाखून, कमी कडू वेलीचं बी राखून राखून त्यांना गोड केलं. २०१४ मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी 'सायन्स' या नियतकालिकात काकडीबद्दल लिहिलं की हा कडवटपणा बनवण्यात नऊ जनुकांचा हात असतो आणि त्यांना चालू-बंद करणारी दोन बटणं असतात, एक पानासाठी, एक फळासाठी. शेतीच्या इतिहासात फळाचं बटण बंद होत गेलं. हे वाचताना मला प्रयोगशाळा दिसल्याच नाहीत. मला ओळीनं बसलेल्या बायका दिसल्या, एकेक फोड तोंडात टाकून क्षणभर थांबणाऱ्या. कोणत्या वेलीचं बी राखायचं आणि कोणतं फेकायचं हे ठरवण्यात अम्मीसारख्या कितीतरी जिभा खर्ची पडल्या असतील.

पण ते बटण कायमचं मोडलेलं नसतं. रानटी, कडू जातीचे परागकण येऊन मिळाले तर पुढच्या पिढीत कडवटपणा परत येऊ शकतो. पाण्याची टंचाई, कडक ऊन असा ताण आला तरी तो वाढतो. यात एक गंमत आहे, जी मी आता वर्गात आवर्जून सांगते. यंदा फुलावर कुठूनही परागकण येवोत, यंदाच्या फळाचा गर वेलीच्या स्वतःच्या पेशींचा, म्हणजे आईचा असतो. आतलं बी मात्र आई-बाप दोघांचं. म्हणून संकर झाला तरी यंदाचं फळ गोडच लागतं. फसवणूक बियांत दडून बसते आणि पुढच्या वर्षी वेल होऊन उघडी पडते.

आमच्या सोलापूर जिल्ह्यात कडू भोपळा काही नवखा नाही. पंढरपूरच्या बाजूला मोठमोठे भोपळे पिकवतात, खाण्यासाठी नाही, वाजवण्यासाठी. ते वाळवून मिरजेला जातात आणि तिथले कारागीर त्यांचे तंबोरे आणि सतारी करतात. पिढ्यान्‌पिढ्या हे काम करणारी मिरजेतली घराणी बहुतेक मुसलमान आहेत. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. वनस्पतीशास्त्राच्या दृष्टीनं हा भोपळा आणि आपला दुधी एकच जात. फकिराच्या हातातला तुंबा तोच आणि अनस यांच्या हदीसमधली भाजीही तीच. आमच्या नातेवाइकांच्या कुंपणावर दुधीशेजारी तुंब्याचीही वेल होती, हे अम्मीला नंतर आठवलं. बी तिथून आलं, वेल तापलेल्या पत्र्यावर अर्धपोटी वाढली. दोन्ही गोष्टी जुळून आल्या असाव्यात. एकाच ड्रममध्ये मी तीन बिया लावल्या होत्या. दोन वेली गोड निघाल्या, एक नाही. बाहेरून तिन्हींची फळं सारखीच दिसत होती. कडू दुधी रंगावरून ओळखता येत नाही, वासावरून नाही, आकारावरून नाही. ओळखायचं साधन एकच, जीभ.

वाचत गेले तसं कळलं की हे फक्त माझ्या घरात घडलेलं नाही. २०१० मध्ये दिल्लीत एका वैज्ञानिकाचा दुधी आणि कारल्याचा एकत्र रस प्यायल्यानं मृत्यू झाला. त्यांच्या पत्नीही तोच रस प्यायल्या होत्या, त्या वाचल्या. त्यानंतर २०११ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं एक समिती नेमली. समितीनं तपासलेल्या प्रकरणांत लोकांनी ५० ते ३०० मिलिलिटर रस घेतला होता. पोटात कळा, उलट्या, रक्ताची उलटी, जुलाब, रक्तदाब कोसळणं ही लक्षणं. बहुतेक जण एक ते चार दिवसांत बरे झाले. जे तिघे वाचले नाहीत ते सगळे ५९ वर्षांवरचे होते आणि मधुमेहासारखा जुना आजार त्यात भर घालणारा ठरला असावा, असं समितीनं म्हटलं. हे वाचलं तेव्हा मी मोबाइल पालथा ठेवला. अम्मी तेव्हा ६३ वर्षांची होती, आणि साखर.

आपल्या महाराष्ट्रातही झालं आहे. जून २०१८ मध्ये पुण्यात ४१ वर्षांच्या एक बाई सकाळी धावून आल्या, दुधीचा रस प्यायल्या आणि काही दिवसांत गेल्या. त्या तर तब्येत सांभाळणाऱ्या, धडधाकट होत्या. शिजवल्यानं तरी हे विष जातं का? तेही नाही. २०१५ मध्ये जर्मनीत ७९ वर्षांचे एक गृहस्थ घरी शिजवलेली झुकिनीची भाजी खाऊन दगावले. झुकिनी हीसुद्धा याच कुळातली. कडू लागत असूनही त्यांनी ताट संपवलं होतं. त्यांच्या पत्नीनं थोडं खाऊन सोडलं, त्या वाचल्या.

या विषावर उतारा नाही. सलाईन, पोटाचं अस्तर सांभाळणारी औषधं आणि लवकर दवाखाना, एवढंच हातात असतं. समितीनं सांगितलेला उपाय मात्र इतका साधा आहे की वाचून मला रडू आलं. रस काढण्याआधी दुधीची एक फोड चाखून पाहा. कडू लागली तर दुधी फेकून द्या. दुधीच्या रसात दुसरा कोणताही रस मिसळू नका. प्यायल्यावर त्रास झाला तर थांबू नका. देशातल्या मोठमोठ्या डॉक्टरांनी बसून जे लिहून दिलं, ते अम्मी बार्शीत माझ्या जन्माआधीपासून करत होती.

मग त्या दिवशी तिनं का केलं नाही? केलं होतं. तिनं चाखलं, ती थांबली आणि तिनं मला दोनदा सांगितलं. दवाखान्यात तिसऱ्या दिवशी, ती उठून बसली तेव्हा मी तिचे पाय धरून म्हटलं, "अम्मी, मैं गलत बोली." ती म्हणाली, "जबान पे रखतेच मालूम हुआ था मेरेकू. पर तू बोली ना. मेरेकू लगा, मैं अनपढ़ क्या जानूं. तू पढ़ेली हय."

हे वाक्य त्या रसापेक्षा कडू होतं आणि ते मला थुंकता आलं नाही.

आमच्या समाजात मुलगी शिकावी म्हणून केवढी धडपड चालते. अब्बांनी रात्री दोन दोनपर्यंत मशीन चालवून मला शिकवलं. अम्मीनं नातेवाइकांचे टोमणे ऐकले. मी शिकले, हे चांगलंच झालं. पण माझ्या शिक्षणानं घरात एक उतरंडही तयार केली, हे मला कधी दिसलं नाही. जी बाई आयुष्यभर स्वतःच्या जिभेवर भरवसा ठेवून पाच मुलं वाढवत होती, तिनं माझी पदवी पाहून तो भरवसा काढून ठेवला. आणि मी? मी तिला शास्त्र सांगितलंच नव्हतं. 'औषध कडूच असतं' ही म्हण होती. पदवीवालीच्या तोंडून निघाली म्हणून ती शास्त्र वाटली. तिला आणि मलाही.

जूनमध्ये शाळा उघडली. आठवीचा वर्ग. मी फळ्यावर काही लिहिण्याआधी विचारलं, "कड़वी चीज़ अच्छी होती है या बुरी?" सगळा वर्ग एका सुरात, "अच्छी, टीचर! दवा होती है." कुणी शिकवलं असेल यांना? घरात आम्हीच, वर्गात आम्हीच. मी त्यांना अम्मीची गोष्ट सांगितली, नाव न लपवता. मग मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. गोवंडीत टीबी घरोघरी माहीत आहे. ती म्हणाली, "टीचर, मैंने छह महीने टीबी की गोलियां खाईं. बहुत कड़वी थीं. थूक देती तो?"

वर्ग माझ्याकडे पाहू लागला. मुलीनं बरोबर बोट ठेवलं होतं. कडू ते सगळं थुंका, असं शिकवलं असतं तर मी दुसऱ्यांदा चुकले असते. मी तिला विचारलं, "गोळ्या देण्याआधी डॉक्टरांनी तुझं काय केलं होतं?" ती म्हणाली, "तपासलं. वजन केलं." "का?" "किती गोळ्या द्यायच्या ते ठरवायला." मी म्हटलं, म्हणजे तुझ्या गोळीतलं कडू कुणीतरी मोजलेलं होतं. तू कोण, तुझं वजन किती, तुला काय झालं हे पाहून दिलेलं. माझ्या आईच्या ग्लासातलं कडू कुणी मोजलं होतं? कुणीच नाही. एका दुधीत नसतं, दुसऱ्यात ढीगभर असतं. न मोजलेलं कडू म्हणजे औषध नव्हे.

एका मुलानं विचारलं, "और करेला?" हाही रास्त प्रश्न. कारल्यातली कडू द्रव्यं याच गोतावळ्यातली, पण वेगळी. कारलं कडूच असायचं, हे ठाऊक असूनच पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी ते बेतानं, शिजवून खाल्लं आहे. त्याचंही अति नकोच. साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यानं कारल्याचा रस ढोसला तर साखर नको तितकी खाली येऊ शकते. पण कारलं कडू लागलं तर त्यात बातमी काही नाही. दुधी कडू लागला तर ती बातमी आहे, आणि बातमी आली की थांबायचं असतं. हीच कुकुर्बिटासिनं प्रयोगशाळेत कर्करोगाच्या पेशींवरही तपासली जातात, हे मी मोठ्या वर्गातल्या मुलांना सांगितलं. त्यात अडचण हीच की उपयोगी मात्रा आणि घातक मात्रा यांत अंतर थोडं. म्हणून ते काम तराजू घेऊन बसलेल्यांचं, मिक्सर घेऊन बसलेल्यांचं नाही.

त्याच तासाला मी आणखी एक चूक कबूल केली. जिभेच्या टोकाला गोड कळतं आणि मागं कडू, असा नकाशा मी वर्षानुवर्षं फळ्यावर काढत आले. तो खरा नाही. सगळ्या चवी जिभेवर जवळपास सगळीकडे कळतात. आणि गोड ओळखायला आपल्याकडे एकच ग्राहक-जोडी आहे, तर कडू ओळखायला सुमारे २५ प्रकारचे ग्राहक आहेत. जगण्यासाठी कडू ओळखणं किती गरजेचं होतं, ते यावरून समजावं. खुदानं पंचवीस पहारेकरी दारात उभे केले आणि आम्ही लिंबू, मध, मीठ घालून त्यांना झोपवतो. नाहीतर मोठ्या आवाजात सांगतो, गप्प बसा, तुम्ही अडाणी आहात.

त्यानंतर मी वर्गात एक नियम केला. माझं सांगणं कुणाला 'कडवा' लागलं तर हात वर करायचा. सुरुवातीला कुणी करेना. आता करतात. कधी कधी उगीचच करतात, वेळ जातो, पोर्शन मागं पडतो. पण चालतं.

ती वेल मी उपटली. बिया राखल्या नाहीत. अम्मीला वाईट वाटलं, बाकीच्या दोन वेली गोड होत्या म्हणून. पण तिन्हींची बी एकत्र पिकलेली, पुढच्या वर्षी कोणत्या बियात काय निघेल कसं सांगावं?

या वर्षी ती पुन्हा आली. यांनी देवनारहून गोश्त आणलं आणि मी बाजारातून दुधी. दुधी-गोश्त करायचं ठरलं होतं. मी सुरी घेतली तर अम्मी म्हणाली, "इधर ला." तिनं देठाकडची एक फोड कापली, तोंडात टाकली आणि थांबली. मी गॅस बंद करून उभी राहिले. यांनी पेपर खाली ठेवला. माझा मुलगाही बघत राहिला.

"मीठा हय," अम्मी म्हणाली. मग दुसरी फोड कापून माझ्यापुढं धरली. "तू भी चख."

मी चाखली. गोड होता. मग मुलानंही हात पुढं केला.